वाटेवरचे राळे

"...मग बांधायची तरी कशी तिला, बाबा? माझं समदं मंत्र करून झालं."

भिवाजी देवऋषी हात जोडून बसला होता. त्याचे जोडलेले हात कुणी फारसे पाहिले नव्हते. पंचक्रोशीतली भुतं म्हणे त्याचं नाव ऐकून वाट बदलत. तरुणपणी तो टेकडीवरच्या याच मठीत गोसावीबाबांकडे झाडपाला शिकायला राहिला होता. मंत्र त्यानं पुढं आपले आपणच जोडले.

"कोण ती?" बाबांनी विचारलं.

"माझीच थोरली सून, सारिका. मागल्या महिन्यात बाळंतपणात गेली... आता तिनं धाकलीला धरलंय. शीतलला. भाईर जीपमधी निजवलीया. नववा लागलाय तिला."

"सारिकाच आहे, हे कशावरून?"

"समदी लक्षणं तिचीच की! त्वांड सुजलंय. कपाळ फुटायला आलंय म्हनती. डोळ्यांफुडं काजवं नाचत्यात. सारिकाचं अगदी ह्येच झालं हुतं."



"सारिकानं हे सांगितलं होतं?"

"सांगितलं की. सासूला. मला बी."

"मग?"

"सासू म्हनली, पोटुशीला सूज यायचीच. म्या लिंबू उतरलं, गंडा बांधला. आशाताई आली हुती दारात. म्हनली, रक्तदाब लई वाढलाय, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. म्या म्हनलं, देवऋष्याच्या घरात येऊन त्याला शिकवू नगंस."

"मग?"

"मग झटकं आलं. दातखीळ बसली. म्या अंगारा लावत बसलो... लेक जन्मली. ती तेवढी जगली."

बाबा उठून बाहेर गेले.

जीपमध्ये शीतल आडवी पडली होती. बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. बाबांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"मला जाऊबाईंनी न्हाई धरलं, बाबा," ती हळूच म्हणाली. "मला दिसंना झालंय."

जीप तिच्या नवऱ्यानंच आणली होती. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तालुक्याचा सरकारी दवाखाना गाठ. वाटेत थांबायचं नाही. देवळापाशीसुद्धा."

भिवाजी आडवा आला. "आधी सारिकाला बांधा बाबा, मग जाईनात का..."

बाबांनी आतून राळ्याची वाटी आणली आणि त्याच्या पायांपुढं उधळली.

"वेच."

गुरूची आज्ञा. भिवाजी खाली बसला. दाणे मोहरीएवढे बारीक. चिमटीत एक आला की दोन निसटत.

बाळंतपणात गेलेल्या बाईच्या वाटेवर त्या भागात राळे टाकतात. रात्री परत येताना ती दाणे वेचत बसते, तेवढ्यात उजाडतं, आणि बिचारी घरापर्यंत पोचतच नाही. सारिकाच्या वाटेवर भिवाजीनंच मुठी भरभरून टाकले होते.

त्यानं मान वर केली तेव्हा जीप उतार उतरून गेली होती. वाटी अजून रिकामीच होती.

तो हातातल्या दाण्यांकडे बघत राहिला... मग म्हातारा हुंदके देऊन रडला.

"वाचंल का वं ती?"

बाबा उताराकडे बघत राहिले. धुरळा खाली बसला.

बऱ्याच वेळानं भिवाजीनं डोळे पुसले.

"आन् सारिका? राळं टाकलं तरी सांजच्याला ती पाळण्यापाशी येती म्हनत्यात... तिला कसं अडवू?"

"जिवंत होती तेव्हा अडवलीस तेवढं पुरे, भिवा. घरी जा. वाटेवरचे राळे झाडून काढ. लेक तान्ही आहे तिची."