वत्सनाभाचा शाप

समुद्रमंथनाला फार काळ लोटला नव्हता, त्या पुरातन युगातली ही कथा. भगवान शंकर हलाहल प्राशन करीत असता त्यांच्या ओंजळीतून काही थेंब भूतलावर सांडले आणि हिमालयाच्या उतारावरची माती जळू लागली. धरित्रीचा आक्रोश ऐकून वत्सनाभ नावाच्या एका निळ्या फुलांच्या वनस्पतीने ते थेंब आपल्या मुळांत ओढून घेतले. धरित्री वाचली, वत्सनाभाचा कंद मात्र कायमचा विषमय झाला.

त्याच उतारावर देवदारांच्या गर्द छायेत आरुषेय ऋषींचा आश्रम होता. ऋषी नित्य प्रभाती त्या वनस्पतीला वंदन करीत आणि शिष्यांना बजावत, "हिने जगासाठी विष पचवले आहे. हिला नमस्कार करा. हिचा कंद जिभेला लावू नका." पत्नीच्या निधनानंतर वर्तिका ही कन्याच त्यांचे सर्वस्व होती.

शिष्यांमध्ये अंशुजित नावाचा राजपुत्र होता. ज्येष्ठ बंधू रुक्मधन्वा सिंहासनावर असल्याचे शल्य त्याच्या अंतःकरणात सलत होते. एकदा राजा रुक्मधन्वा ऋषींच्या दर्शनाला आला, तेव्हा अंशुजिताने वत्सनाभाचा कंद उगाळून अतिथीच्या स्वागतासाठी केलेल्या दही-मधाच्या मधुपर्कात मिसळला.

वर्तिकेने ते पात्र राजापुढे धरले. तिच्याकडे पाहून राजाचे मन भरून आले. तो म्हणाला, "बाळ, माझी लेक तुझ्याच वयाची आहे. ती घोट घेतल्याशिवाय मला काही पिऊ देत नाही. आज तिच्या जागी तू घे."

वर्तिकेने हसून पात्र ओठांना लावले.

अंशुजित चार हातांवर उभा होता. एक शब्द उच्चारला असता तर ती वाचली असती. पण त्या शब्दाने त्याचे पातक उघडे पडले असते. तो गप्प राहिला.

"तात, जिभेला मुंग्या येताहेत," वर्तिका म्हणाली. मग तिचे हात बधिर झाले, आणि पित्याने तिचे मस्तक मांडीवर घेईपर्यंत तिचा श्वास थांबला होता.

पात्राचा गंध घेताच ऋषींनी वत्सनाभाचे विष ओळखले. शोकाने विवेक हरपलेले ते तपोनिधी हाती जल घेऊन गरजले, "हे वत्सनाभा, ज्या तुला मी वंदिले, त्या तूच माझे अपत्य खाल्लेस! आजपासून प्राणिमात्र तुझ्यापासून दूर पळो. तुझे नाव घेताना लोकांच्या तोंडी मृत्यूचेच नाव येवो!"

निळी फुले थरथरली आणि त्यांतून क्षीण वाणी उमटली, "मुनिवर, शाप मला मान्य आहे. पण मी तर जागच्या जागी उभी होते. मला उपटले कोणी, उगाळले कोणी, हे तुम्ही विचारलेच नाही."

अंशुजित ऋषींच्या पायांवर कोसळला. "गुरुदेव, ते पातक माझे. मला भस्म करा!"

ऋषींनी पुन्हा कमंडलूत हात घातला, पण जल ओंजळीत ठरेना. निरपराधाला शाप देण्यात त्यांचे सारे तप खर्ची पडले होते. त्यांनी रिकामे हात खाली सोडले. "ऊठ, जा. तुला द्यायला माझ्यापाशी आता शापही उरला नाही."

राजाने भावाला देशोधडीला लावले. परंतु स्वतः रुक्मधन्व्याला पुढे कोणाच्याही हातचे अन्न निःशंकपणे गिळता आले नाही, लेकीच्या हातचेसुद्धा. आधी दुसऱ्याला चाखवल्यावाचून राजांनी घास न घेण्याची रीत तिथून पडली.

आरुषेय ऋषी मात्र त्या उतारावरून हलले नाहीत. शाप परत घेता येईना, म्हणून त्यांनी उरलेले आयुष्य त्या कंदापाशी घालवले. गोमूत्रात भिजवून, उन्हात वाळवून, पुनःपुन्हा स्वतःच्या जिभेवर घेऊन त्यांनी त्याचे विष मवाळ करण्याची कृती शोधली. त्या कंदाने पहिला ज्वर उतरला तो एका धनगराच्या मुलीचा. ती डोळे उघडून पाणी मागू लागली, तेव्हा वृद्ध ऋषी झोपडीबाहेर जाऊन हुंदके देऊन रडले.

आजही वैद्य वत्सनाभ शुद्ध करूनच रुग्णाला देतात. त्या उतारावरून मेंढ्या हाकताना धनगर त्यांची तोंडे बांधतात, आणि निळी फुले कितीही सुंदर दिसली तरी कोणी आपल्या लेकीच्या केसांत माळत नाही.