ठकूआत्याची परात

फार वर्षांपूर्वी, जांभुळतळ्याला एसटी तर सोडाच, धड बैलगाडीही येत नव्हती, तेव्हा तिथे ठकू नावाची एक बाई राहत होती. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला तळं आणि कडेला मूठभर घरं, एवढंच ते गाव. लहान वयात नवरा गेला म्हणून ठकू माहेरी परतली होती आणि भावाच्या घराच्या पडवीत पथारी टाकून राहत होती. सारं गाव तिला ठकूआत्या म्हणे. पोरं म्हणत, सुना म्हणत, आणि तिच्याहून वयाने मोठे असलेले पाटीलही आत्याच म्हणत.

गावात कुणाचंही घर आत्याचा हात लागल्याशिवाय उभं राहत नसे. रीतच होती तशी. ज्याला घर बांधायचं त्याने जागा दाखवायची. दिवस मावळताना आत्या तिथे पितळी परात ठेवून काठोकाठ पाणी भरायची, हळदकुंकू वाहायची आणि मग सगळ्यांनी मागे न बघता घरी जायचं. भुई पाणी पिते तेव्हा तिच्याकडे बघू नये, असा दंडक होता. सकाळी परात रिकामी दिसली तर भुई तृप्त झाली, जागा लाभली. लगेच नारळ फुटायचा, खुंट्या ठोकल्या जायच्या. परात भरलेलीच राहिली तर भुई रुसली, दुसरी जागा बघा. आत्याने ठेवलेली परात बहुतेक वेळा रिकामीच व्हायची. तिच्या हातचं पाणी भुईला गोड लागतं, असं लोक म्हणत, आणि आत्यालाही ते खरं वाटे. स्वतःचं कौतुक कुणाला कडू लागतं?

पुढे घाट फुटला. रस्ता आला, रस्त्यामागून बाजार आला आणि बाजारामागून माणसं आली. तेली आले, कोष्टी आले, गाडीवान आले, त्यांचे मेहुणे आणि मेहुण्यांचे मेहुणे आले. गाव तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलं. आत्याच्या परातीला उसंत मिळेना. गंमत अशी, की डोंगर आणि तळं यांच्या मधल्या पट्ट्यातच भुईला तहान लागायची. तिथे घरांची एक ओळ उभी राहिली की तहान थोडी पुढे सरकायची आणि परातही तिच्यामागे सरकायची. पलीकडच्या माळावरची भुई मात्र कधीच पाणी पीत नसे, म्हणून तिला सगळे अपेशी म्हणत. असं करता करता घरांनी तळ्याभोवती पुरतं कोंडाळं केलं. एका म्हाताऱ्या जांभळीखाली तेवढी एका घराची जागा उरली.

त्याच सुमारास गावाच्या मागे निराळीच पीडा लागली. रानडुकरांनी भुईमूग उकरला, साळिंदरांनी परसातली रताळी खाल्ली. एक भेकर तर बिथरून थेट कोष्ट्याच्या मागात येऊन अडकलं. बिबट्याने पाटलांचा लाडका कुत्रा उचलला, तेव्हा मात्र पाटलांचं डोकं फिरलं. “रान माजलंय,” ते म्हणाले, “पौर्णिमा झाली की शिकारी बोलवतो. एक जनावर शिल्लक ठेवत न्हाई.”

आत्याचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. भावाचा संसार वाढला होता, पडवीत आता वासरू बांधत होते आणि आत्याची पथारी त्या वासराच्या शेजारी आली होती. ज्या बाईने साऱ्या गावाला घरं दिली, तिला स्वतःची चूल नव्हती. तिला फार वाटे, आपलं एक दार असावं, आपण हवं तेव्हा लावावं, हवं तेव्हा उघडावं. गावालाही अखेर लाज वाटली. पाटील म्हणाले, “आत्या, जांभळीखालची जागा तुमची. आज तुमच्या नावानं परात ठेवा.”

आत्याने परात घासून घासून लखलखीत केली. पाणी भरलं, हळदकुंकू वाहिलं आणि ती मागे न बघता परतली. पण दुसऱ्याचं घर असलं की धीर धरता येतो. आपलं असलं की येत नाही. फटफटायच्या आतच ती उठली, नारळ ओटीत घेतला आणि जन्मात पहिल्यांदा दंडक मोडून जांभळीकडे गेली.

परातीपाशी एक सांबरीण उभी होती. पायाशी तिचं पाडस. परक्या दारात पाहुणी बिचकत उभी राहते, तशी ती घरांकडे बघत होती आणि घाईघाईने पाणी पीत होती. तिचं झाल्यावर भेकर आलं. मग ससे, साळिंदर, मुंगूस, पिसारा सावरत मोर, सगळ्या खटल्यासह रानडुक्कर. असं म्हणतात की सगळ्यात शेवटी बिबट्या आला आणि सशाच्या मागे निमूट बसून आपली पाळी येण्याची वाट बघत राहिला. असंही म्हणतात की सगळं रान पिऊन गेलं तरी त्या एवढ्याशा परातीतलं पाणी सरलं नाही. शेवटचं जनावर पिऊन वळलं, तेव्हाच ते संपलं.

आत्या रिकाम्या परातीपाशी जाऊन बसली. म्हणजे भुई कधी पाणी पीतच नव्हती! डोंगरावरून तळ्याकडे जाताना वाटेत पाणी भेटलं, की ही जनावरं पीत होती. आणि जिथे जिथे ही प्यायली, तिथे तिथे आपण भिंत घातली. ती बिचारी बाजूला सरकली, तर आपण परात घेऊन तिच्यामागे गेलो. हे रान माजलं नव्हतं, वाट शोधत होतं. आत्याला रडू कोसळलं.

आता बघा, हे कुणीच पाहिलं नव्हतं. परात रिकामी होती, नारळ ओटीत होता, रीतीने जागा तिचीच होती. ती गप्प बसली असती तर संध्याकाळपर्यंत तिच्या चुलीचे दगड तिथे मांडले गेले असते.

उजाडलं तसे लोक जमले. भावजय गोदा आनंदाने ओरडली, “वन्सं, परात रिकामी हाय! फोडा की नारळ!”

आत्या उठली आणि म्हणाली, “ही जागा माझी न्हाई. हिची मालकीण लेकराला घिऊन आली हुती. पाणी पिऊन गेली.” आणि तिने पाहिलेलं सारं सांगितलं. भिजल्या मातीत खुरं उमटली होती, ती दाखवली.

पाटलांचा चेहरा उतरला. “म्हंजे आमची समद्यांची घरं त्यांच्या वाटंवर? मग आता काय पाडायची?”

“झालं ते झालं,” आत्या म्हणाली. “पर ह्यो एक दरवाजा उघडा ऱ्हाऊ द्या. सरळ वाट मिळाली, तर ती तुमच्या रताळ्यांकडं कशाला येत्यात?”

पाटील रागीट होते, पण अडाणी नव्हते. त्यांनी शिकाऱ्यांना निरोप धाडलाच नाही. पुढच्या पौर्णिमेपर्यंत डुकरं भुईमुगातून हटली, साळिंदरं परसातून हटली, आणि संध्याकाळी जांभळीखालून हलक्या पावलांची ये-जा सुरू झाली.

आत्याने स्वतःसाठी परात ठेवली ती थेट त्या अपेशी माळावर. सकाळी ती काठोकाठ भरलेली होती. गोदाने तोंडाला पदर लावला, पण आत्या हसली. “हितं कुणाची वाट न्हाई. हितंच माझं घर.” लोकांना वाटलं, महिनाभरात काहीतरी विपरीत होणार. पण आत्याने चूल मांडली, दार लावलं, दार उघडलं आणि ती म्हातारी होईपर्यंत तिथे सुखाने राहिली. तिचं छप्पर कधी गळलं नाही, असं म्हणतात. मग हळूहळू बाकीचेही माळावर घरं बांधू लागले.

रोज संध्याकाळी ती अंगणात परात भरून ठेवायची आणि रोज सकाळी ती भरलेलीच असायची. त्या माळावर जनावर कधी फिरकलंच नाही. फक्त एकदा फिरकलं. आत्या झोपेतच गेली, त्या सकाळी परात कोरडी ठणठणीत होती आणि अंगणभर खुरं, नख्या आणि पंजे उमटले होते. बिबट्याचे पंजे सशाच्या मागे होते, असं म्हणतात.

आता जांभुळतळं चांगलं शहर झालं आहे. लिफ्टच्या इमारती आहेत, सिग्नल आहेत. पण अजूनही पाया खणण्याआधी तिथे परात ठेवतात आणि भोवती राख पसरतात. सकाळी शाळेतली पोरं धावत जाऊन राखेतली पावलं ओळखतात. परात भरलेली असली तर नारळ फुटतो. रिकामी असली तर घर बाजूला सरकतं, आणि ज्याची जागा गेली त्याच्याच हातून पोरांना गूळ-खोबरं मिळतं. पोरं गुळावर डोळा ठेवूनच पावलं शोधतात, हे काही वेगळं सांगायला नको.

तिथे कधी गेलात, तर ठकूआत्याचं घर कुठे आहे म्हणून विचारा. माळावरचं घर कुणी दाखवणार नाही. दोन उंच इमारतींच्या मधली, जांभळीखालची मोकळी जागा दाखवतील. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही. तुम्ही म्हणाल, इथे कोण राहतं? तर कुठलंही पोर तोंडावर बोट ठेवून सांगेल, “जरा थांबा, दिवस मावळला की घरची मंडळी येतील.”