खजिन्याची किल्ली कोंडाईकडे

एका राज्यात राणी मेघावती दान करी, पण ढोल वाजवून करी. दारी आलेल्या म्हातारीनं घोटभर पाणी मागितलं, तर राणीनं तिला शालू नेसवून गावभर मिरवलं. म्हातारी निघाली जखीण. तिनं मागं वळून पाहिलं मात्र, राजकन्या पद्मिनी कमरेपर्यंत दगड झाली.

राणी डोंगरावर जाऊन जखिणीच्या पाया पडली. जखीण म्हणाली, "तीनदा दे. नीट दिलंस तर लेक उठेल. चुकलीस तर गळ्यापर्यंत दगड."

नीट म्हणजे काय, ते मेलीनं सांगितलं नाही. सांगितलं वाटेतल्या साळुंकीनं. नदीकाठची बुरूडवस्ती पुरात गेली होती, तिथं जा आणि नाव न लावता दे, म्हणाली. राणीनं गुपचूप घोंगड्या धाडल्या. दगड गुडघ्यांवर उतरला.

मग साळुंकी म्हणाली, आता विचारून दे. राणी स्वतः गेली आणि काय हवं ते विचारलं. वस्तीतल्या थोरल्या कोंडाईनं तिला खालवर न्याहाळलं.

"घोंगड्या पुष्कळ झाल्या, राणीसाहेब. बांबू फोडायला कोयते द्या. आमचे वाहून गेले."

कोयते आले, दगड घोट्यांवर आला.

तिसऱ्यांदा साळुंकी म्हणाली, "आता किल्ली दे."

खजिन्याची किल्ली! प्रधान हसला. सगळं ताडीत घालतील, म्हणाला, निदान शपथ तरी घाला. राणीही घाबरली. वस्तीवर जाऊन तिनं किल्ली मुठीत धरून कोंडाईला शपथ घालायला तोंड उघडलं, तोच राजवाड्यातून दासी ओरडत आली, दगड पुन्हा चढतोय.

राणीनं तोंड मिटलं. किल्ली कोंडाईच्या हातावर ठेवली.

कोंडाईनं आभार मानले नाहीत. तिनं वस्ती गोळा केली. बाया कडाकडा भांडल्या, बापे रुसले, आणि शेवटी ठरलं की आधी पलीकडच्या कोळ्यांना होड्या, त्यांची पोरं उपाशी आहेत. मग आपली छपरं. दोघांनी ताडीही प्यायली. पिऊ देत, राजवाड्यात कोण पीत नाही?

तिकडं पद्मिनी पलंगावरून उडी मारून अंगणात पळाली. जखीण डोंगर सोडून गेली.

राणी लेकीला कडेवर घेऊन वस्तीवर परतली, हात जोडून म्हणाली, "आता मी काय देऊ?"

"बसा," कोंडाई म्हणाली. "कोळ्यांच्या टोपल्या विणायच्यात. हात कमी पडतायत."

राणी बसली. पहिली टोपली वाकडी झाली. कोंडाईनं ती उकलली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली.