घंटेच्या वाटेवरचा काळा कुत्रा

सांगा पाहू, विश्वास कुणावर ठेवावा? ज्याची भीती वाटते त्याच्यावर, की जो भीती घालतो त्याच्यावर? उत्तराची घाई नको. आधी ही गोष्ट ऐका.

विलायतेत समुद्रकाठच्या एका गावात ॲम्ब्रोज नावाचा व्यापारी होता. गाव कोळ्यांचं. धुकं उतरलं की कड्यावरची घंटा वाजवायची, म्हणजे होड्यांना किनारा कळे. घरटी पाळी ठरलेली. आता त्याच कड्याखाली एक गुहा होती आणि जकात चुकवून आणलेली दारूची पिंपं ॲम्ब्रोज तिथे लपवी. वर माणसांची ये-जा त्याला नकोच होती.

त्या किनाऱ्यावर जुनी समजूत होती. वासराएवढा काळा कुत्रा धुक्यात हिंडतो, डोळे निखाऱ्यासारखे. तो ज्याला दिसला, त्याचं वर्ष काही पुरं होत नाही.

एका रविवारी चर्चच्या पायरीवर छातीला हात लावून ॲम्ब्रोज हळूच म्हणाला, "काल घंटेपाशी मी त्याची धाप ऐकली." पाहिला म्हणाला असता, तर स्वतःचंच मरण सांगावं लागलं असतं. धंद्यातला माणूस; शब्द तोलून वापरला.

त्या दिवसापासून पाळ्या बंद पडल्या.

मग एका दुपारी दाट धुकं आलं. सगळ्या होड्या परतल्या होत्या. एकच समुद्रात राहिली, ॲम्ब्रोजच्या धाकट्या भावाची, वॉल्टरची. ॲम्ब्रोज दारोदार धावला. "घंटेला चला. कुत्राबित्रा काही नाही, मी खोटं बोललो."

त्या दिवशीची पाळी हेस्टर म्हातारीची. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "चर्चच्या पायरीवर बोललास ते खोटं, आणि भाऊ अडकल्यावर बोलतोस ते खरं होय? जा बाबा. मला अजून नातवंडं वाढवायचीत."

शेवटी तो एकटाच चढू लागला. वाट दिसेना. एका बाजूला तुटलेला कडा, खाली लाटा. इतक्यात पुढे काहीतरी काळं हललं. वासराएवढं. डोळे निखारे.

ॲम्ब्रोज जागीच थबकला. मग त्याच्या मनात आलं, दिसायचं ते दिसलंच. आता मरायचंच तर घंटा वाजवून मरू. कुत्रा वळला आणि पुढे चालू लागला. त्याने जिथे पाऊल टाकलं, तिथेच ॲम्ब्रोजने टाकलं. तळहात सोलवटेपर्यंत त्याने घंटा वाजवली. दिवस मावळायच्या आत वॉल्टरची होडी वाळूला लागली.

ॲम्ब्रोजने गावाला सगळं सांगितलं. कुत्रा मारत नाही, वाट दाखवतो. वर्ष सरलं, तो धडधाकट होता, तरी कुणी मानेना. हेस्टर म्हणाली, "तुझा पहिला कुत्रा पटला रे आम्हाला. हा दुसरा नाही पटत."

मग जन्मभर, धुकं आलं की साऱ्या गावाची पाळी ॲम्ब्रोजने एकट्याने केली. वाटेवर त्याच्या पुढे तो काळा सोबती असे, एवढंच.

तात्पर्य: खोटी भीती पेरणं सोपं, ती उपटणं पेरणाऱ्याच्याही हाती राहत नाही, तेव्हा मंडळी, एवढी विनंती ऐका, रोजचा हिशेब मांडाल तेव्हा तोंडून गेलेला शब्दही त्यात प्रामाणिकपणे धरा.