नाव कुठं विचारलं?

छातीत गाठ लागली, हे कुमुदिनी मगदूमनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. फक्त एका आरोग्य ॲपवर लक्षणं शोधली होती. दुसऱ्याच दिवशी घरच्या टीव्हीवर कर्करोगाच्या जाहिराती सुरू झाल्या आणि सासूबाईंनी विचारलंच, "कुणाला काय झालंय गं?" तिचा जीव थाऱ्यावर राहिना.

ॲपचे मालक इचलकरंजीत भाषणाला आले, तेव्हा ॲपवर शोधलेलं टीव्हीवर कसं पोचलं, असा तिनं भर सभेत जाब विचारला.

"बाई, कोण काय शोधतं याची नोंद ठेवणाऱ्या कुकीज असतात, पण आम्ही कुणाचं नाव विचारत नाही," मालक हसून म्हणाले.

"मलाही नाव नको. काल दिवसभर मोबाइलवर काय शोधलंत, तेवढंच सांगा."

"ते माझं खासगी आहे!" मालक भडकले.

"पण साहेब, मी नाव कुठं विचारलं?"

सभेतल्या बायका एकेक करून आपापल्या मोबाइलमधून ते ॲप काढून टाकू लागल्या.