झरोका लिंपणारा ठोक्या

गोष्ट फार जुनी आहे. देह नावाच्या राज्यात तेव्हा चार घराणी नांदत होती. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर कान उघडे ठेवून ऐकावी.

कातडीचं घराणं वेशीवर खांद्याला खांदा लावून उभं. मज्जेचं घराणं निरोप धाडणारं. जोडणाऱ्यांचं घराणं सगळ्यांना बांधून ठेवणारं. आणि स्नायूंचं घराणं ओढकामाचं. त्यातली काही मंडळी काळजाच्या भिंतीत राहत, एका घरात एकच पेशी. घराघरांमध्ये बारीक झरोका. शेजाऱ्याचा ठोका आला की आपण आकसायचं आणि तोच ठोका पुढच्या झरोक्यातून द्यायचा. त्यावर रक्त चाले, आणि रक्तावर सगळ्यांच्या चुली.

तिथं ठोक्या नावाचा एक गडी होता. राग कायम नाकावर. एकदा मज्जेचा कुणी निरोप्या बोलून गेला, की काळजातले ते हमाल, त्यांना अक्कल कशाला लागते. ठोक्याचं डोकंच फिरलं. जन्मभर एकाचा ठोका घ्यायचा नि दुसऱ्याला द्यायचा? आपला स्वतःचा ठोका नाही काय? होता की. एकट्यानं धडधडायला त्याला कुणी लागत नव्हतं. त्यानं दोन्ही झरोके लिंपले आणि आपल्याच तालात सुरू झाला.

पलीकडची म्हातारी शेजारीण वाट बघून थकली. मग तिनं भिंत बडवली.

"मेल्या, ठोका दे. माझ्यामागं सगळी आळी खोळंबलीय."

"तुमचं तुम्ही बघा, म्हातारे. मी कुणाचा हमाल नाही."

"शिवी दिली कुणी, आणि उपाशी मारतोस कुणाला?"

ठोक्यानं लिंपणाचा आणखी एक थर दिला. आजूबाजूच्या बिनडोकांना त्यात मर्दुमकी दिसली. त्यांनीही झरोके बुजवले. मग काय, एक आकसतोय तेव्हा दुसरा सैल पडतोय. रक्त पुढं सरकेना. ते साकळलं, आणि त्या आळीला रक्त येण्याची वाटच बंद झाली.

पोटात आग पडली तेव्हा ठोक्या झरोका उकरू लागला. म्हातारीला हाका मारल्या. पलीकडून आवाज आला नाही. ती केव्हाच गेली होती. थोड्या वेळानं तोही गेला.

जोडणारे आले. सगळी आळी त्यांनी चिवट दोऱ्यांनी भरून टाकली. पण त्या दोऱ्यांतून ठोका जात नाही. तेव्हापासून तो वळसा घालून जातो, आणि राज्य लंगडत चालतं.

शेजाऱ्याचा निरोप अडवणारा आधी त्याची चूल विझवतो, आणि मग स्वतःची.