वाय-फायचे जुने नाव

एकदा एका भांड्यांच्या व्यापाऱ्याने आपले राहते घर मागच्या बाजूने वाढवले. मुलाचे लग्न झाले होते आणि जागा अपुरी पडू लागली होती. खोल्या वाढल्या, पण इंटरनेटची तार जिथून घरात शिरत होती तिथेच, पुढच्या दारापाशी, मोडेम राहिला. त्याचे वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचेना आणि मुलाचे घरून चालणारे काम अडू लागले. तेव्हा व्यापाऱ्याने गुरुजींना निरोप धाडला.

गुरुजींचे सारे आयुष्य टेलिफोन खात्यात गेले होते. निवृत्तीनंतर ते गावातल्या तरुणांना जोडणीचे काम शिकवीत, आणि सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. नेमके त्या दिवशी ते तापाने अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्यांनी शिष्याला एकट्याला पाठवले. शिष्याला त्याचा आनंदच झाला. इतके दिवस तो गुरुजींच्या मागे पिशवी धरून जात असे. आज पिशवीही त्याची होती आणि निर्णयही त्याचे.

काम त्याने मन लावून केले. मोडेमपासून जिन्याच्या भिंतीपर्यंत केबल नीट खिळवून नेली आणि घराच्या मध्यावर वेगळा राउटर बसवला. मग मोडेमचे स्वतःचे वाय-फाय त्याने बंद केले. एका घरात दोन वाय-फाय राहिली की फोन कधी याला धरतात, कधी त्याला, आणि दोन्हीकडून रखडतात. हे शिकवल्याप्रमाणेच होते. नव्या राउटरला त्याने नवे नाव दिले, नवा अवघड पासवर्ड दिला आणि घरातल्या एकेकाचा फोन घेऊन त्यावर जोडून दिला. टीव्हीही जोडला. निघताना त्याने विचारले, "आणखी काही राहिलंय का?" व्यापाऱ्याने स्वतःच्या फोनकडे पाहिले आणि सगळे झाले असे सांगितले.

सगळे झाले नव्हते. दाराजवळच्या लहान खोलीत व्यापाऱ्याची थोरली बहीण राहत असे. तिला घरात आक्का म्हणत. आईच्या पश्चात तिनेच व्यापाऱ्याला वाढवले होते. पक्षाघाताने तिची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. तिला हाक मारता येत नसे, म्हणून उशाशी एक बटण ठेवले होते. तिने ते दाबले की व्यापाऱ्याच्या सुनेच्या, मृदुलाच्या, फोनवर घंटा वाजे. हे बटण वाय-फायवर चालत होते आणि त्याला फक्त जुने नाव ठाऊक होते. केबल घेऊन शिष्य त्या दारावरून दोनतीनदा गेला होता. आक्का त्याच्याकडे पाहत होती. त्याने बाहेरूनच हात जोडले आणि तो पुढे गेला.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी आक्काला श्वास लागला. मृदुला मागच्या नव्या खोलीत कपड्यांच्या घड्या करीत होती, फोन तिच्या शेजारीच होता. मग चहा करून ती आक्काच्या खोलीत आली तेव्हा आक्काचे अर्धे शरीर पलंगाखाली लोंबत होते आणि बटण मुठीत घट्ट धरलेले होते. डॉक्टर आले. प्राण जाऊन बराच वेळ झाला आहे, असे त्यांनी सांगितले.

सुतकाच्या घरात माणसे जमतात आणि कारणे शोधतात. बटण मुठीत होते, म्हणजे आक्काने ते दाबले असणार. दाबले तर घंटा वाजली असणार. वाजली, तर सुनेने ती ऐकली नाही. कुणी दबक्या आवाजात म्हणाले, कुणी तिला ऐकू जाईल असे म्हणाले. व्यापाऱ्याने तिच्याशी बोलणे टाकले. तिने वाढलेले पान तो सारून उठू लागला. नवऱ्यानेही तिची बाजू घेतली नाही. प्रथम मृदुला सांगत राहिली की घंटा वाजलीच नाही. मग हळूहळू तिचे तिलाच खरे वाटेना. विचारणाऱ्यांना ती सांगू लागली की कदाचित माझा डोळा लागला असेल.

शिष्य भेटायला गेला तेव्हा त्याने हे सारे ऐकले. बसल्या जागेवरून त्याची दृष्टी आक्काच्या खोलीतल्या फळीवर गेली. तिथे ते बटण ठेवले होते आणि त्यावरचा तांबडा दिवा लुकलुकत होता. ते अजून जुने नाव शोधत होते. तो उठला आणि थेट गुरुजींकडे गेला.

त्याने काहीही लपवले नाही. मात्र शेवटी तो म्हणाला की घरात हे कुणाच्या लक्षात आलेले नाही, आणि आता सांगूनही आक्का परत येणार नाहीत. गुरुजींनी यावर मान डोलवावी, अशी त्याची फार इच्छा होती.

गुरुजींनी विचारले, "दोष कुणावर आलाय?"

"सुनेवर."

गुरुजींनी खुंटीवरचा सदरा काढला. ताप उतरला होता, पण पायांत बळ नव्हते. शिष्याच्या खांद्याचा आधार घेऊन ते चालत गेले.

व्यापाऱ्याची परवानगी घेऊन ते आक्काच्या खोलीत बसले. शिष्याला त्यांनी बटण दाबायला सांगितले. त्याने दाबले. घरात शांतता होती. मग त्यांनी राउटरचे नवे नाव काढून तिथे जुने नाव आणि जुना पासवर्ड घालायला सांगितले. शिष्याला कळेना की जिच्यासाठी हे करायचे ती उरलीच नसताना त्याचा आता काय उपयोग. तरी त्याने ते केले. थोड्या वेळाने तांबडा दिवा हिरवा झाला.

"आता दाब."

स्वयंपाकघरात घंटा वाजली. मृदुला पिठाच्या हातांनी धावत आली. सवयीने तिच्या तोंडून "आले, आत्याबाई," असे शब्द निघाले, आणि रिकाम्या पलंगासमोर ती थबकली. तिच्यामागून व्यापारी आला.

गुरुजी शिष्याला म्हणाले, "सांग."

शिष्याने सांगितले. त्याने शेवटपर्यंत सांगितले. मृदुला पलंगाच्या कडेला बसली. तिने विचारले, "म्हणजे घंटा वाजलीच नव्हती?"

"नाही. तुम्हाला ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच."

ती रडली नाही. पिठाचे हात मांडीवर उघडे ठेवून बसून राहिली. व्यापाऱ्याने शिष्याला पुन्हा या घराची पायरी चढू नकोस असे बजावले. मग तो सुनेकडे वळला, आणि तसाच बाहेर निघून गेला.

परतताना शिष्य म्हणाला, "नुसतं तोंडानं सांगितलं असतं तरी चाललं असतं ना, गुरुजी? त्यांना असं धावायला का लावलंत?"

गुरुजी एका ओट्यावर टेकले. "तू सांगितलं असतंस, तर तिला वाटलं असतं, माझं मन राखायला सांगतात. आपण झोपलो होतो असं ती स्वतःच धरून बसली होती. आज ती कानांनी ऐकून आली. घंटा वाजली असती तर आपण धावलो असतो, हे तिला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यानं ते कळलं नसतं." "आणि जुनं नाव ठेवायला तुला मी शिकवायला हवं होतं. नवं नाव दिलं की ज्यांना बोलता येतं ते विचारतात. बाकीचे तसेच राहतात."

"हे माझ्यावरून कधी उतरेल का?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "पण तिच्यावरून उतरलं."

शिष्याने गुरुजींना हात देऊन उठवले आणि दोघे सावकाश घराकडे चालू लागले.

आपणही घरात, कचेरीत, संसारात कितीतरी जुन्या गोष्टी बंद करून नव्या आणतो. बंद करण्यापूर्वी प्रत्येक खोलीच्या आत जाऊन यावे, दारातून हात जोडणे पुरत नाही.